आजींचा रेडिओ, माझं जर्मन आणि पाव

१ जानेवारी २०२५ ला सकाळी साडेसातला आमच्या दारावर टकटक झाली. आता झुरिकमधे राहिलेल्या कुणालाही विचारा, सुट्टीच्या दिवशी सकाळी इथे कुणी कुणाचं दार वाजवत नाही, रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेलात तरी लोक खिडकीतून बघतात, त्यामुळे मला वाटलं एकतर पाइप फुटला किंवा कुणीतरी गेलं. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी, अंगात गाऊन, पायात लोकरी मोजे आणि दोन्ही हातांत लहान बाळ धरावं तसा रेडिओ. म्हणाल्या, हा बोलत नाहीये.

रेडिओला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. एसआरजी म्हणजे इथली सरकारी नाही पण सार्वजनिक रेडिओ-टीव्ही संस्था, तिने ३१ डिसेंबरला आपलं एफएम बंद केलं, झालं. आता डीएबी नावाचा डिजिटल रेडिओ घ्या नाहीतर इंटरनेटवर ऐका. कितीतरी महिने सांगत होते, रेडिओवरच सांगत होते, आजींनी रोज ऐकलंही होतं, पण त्यांचं म्हणणं असं की इतकी वर्षं चालू असलेली गोष्ट एका रात्रीत खरंच कुणी बंद करेल असं त्यांना वाटलंच नाही. मला नोटबंदीची रात्र आठवली, पण ती त्यांना कुठे समजावत बसू.

रेडिओ बघण्यासारखा आहे. फ्रिजवर ठेवून ठेवून चिकट झालेला, मागे पिठाचा थर, आणि स्टेशन बदलायच्या चकतीवर जखमेला लावतात ती पट्टी चिकटवलेली, म्हणजे कुणाचा हात लागून स्टेशन हलू नये. किती वर्षांपूर्वी चिकटवली विचारलं तर म्हणाल्या, नवरा होता तेव्हा. त्या पट्टीखालचं स्टेशन गेलं. बाजूला थोडं फिरवलं तर खाजगी स्टेशनं एफएमवर छान चालू होती, पण पट्टी काढू का हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मी म्हटलं नवा सेट आणून देते. आणि मग वर येऊन चहा करताना डोक्यात आलं की इथल्या रेडिओबद्दल लिहायचं लिहायचं म्हणून किती दिवस राहिलंय, तर आज बसतेच.

आधी देश किती मोठा ते. पुणे, सातारा आणि सोलापूर हे तीन जिल्हे एकमेकांना जोडा, जवळजवळ तेवढं स्वित्झर्लंड. माणसं साधारण नव्वद लाख, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात मावतील. आणि एवढ्यात चार भाषा. साठ-बासष्ट टक्के जर्मनवाले, तेवीसच्या आसपास फ्रेंच, आठ टक्के इटालियन आणि अर्धा टक्का रोमान्श. माझी इथे येण्याआधीची कल्पना अशी होती की इथला माणूस म्हणजे चारही भाषा फाडफाड बोलणारा, आपल्याकडे बेळगावचा रिक्षावाला मराठी-कन्नड-हिंदी-कोकणी करतो ना तसा. छे. चारही भाषा येणारा माणूस मला इतक्या वर्षांत एक भेटलाय आणि तो पोर्तुगीज होता. बाकीचे आपापल्या भाषेत जन्मतात, आपापल्या भाषेतला रेडिओ ऐकतात आणि म्हातारे होतात.

रेडिओही चार घरांचा. जर्मनसाठी एसआरएफ, फ्रेंचसाठी आरटीएस, इटालियनसाठी आरएसआय, रोमान्शसाठी आरटीआर, सगळे एकाच एसआरजीचे, पण एकाचा कार्यक्रम भाषांतर करून दुसऱ्यावर लावलाय असं सहसा होत नाही. दिल्लीच्या बातम्या आपल्या स्टेशनवर मराठीत वाचून दाखवायचे तसं नाही. प्रत्येकाची स्वतःची न्यूजरूम, स्वतःचे वार्ताहर, स्वतःचा हवामानवाला. पाऊस एकच पडतो पण चौघे चार तऱ्हेने सांगतात.

आता माझी फजिती.

मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकले, परीक्षा दिल्या, मार्क चांगले, क्लासमधे मी जरा आगाऊच होते म्हणा ना. इथे आले, पहिल्या आठवड्यात सर्व्हिस अपार्टमेंटमधे रेडिओ लावला, बातम्या लागल्या आणि मला सगळं कळलं. सगळं! मी आनंदाने आईला फोन केला. फोन ठेवला तोवर बातम्या संपून निवेदिका बोलायला लागलेली आणि मला एक अक्षर कळेना. मला वाटलं दुसरं स्टेशन लागलं. डच असेल. मग मधेच झुरिक ऐकू आलं, मग ट्रामचा नंबर, मग ती हसली, तिच्याबरोबरचा पुरुष हसला, आणि मी तिथे हातात पोळीचा रोल घेऊन उभी.

तर गोष्ट अशी आहे की जर्मन स्वित्झर्लंडमधे लिहायचं जर्मन वेगळं आणि बोलायचं वेगळं. लिहायच्याला ते नावच तसं देतात, श्रिफ्टड्यूच, म्हणजे लिखाणाचं जर्मन. ते शाळेत, कागदावर, आणि रेडिओवर तासाच्या बातम्यांना. बाकी सगळं, म्हणजे घर, बाजार, डॉक्टर, बँकेतला मॅनेजर, सगळं बोलीत. आणि रेडिओवरही बातम्या सोडल्या तर गप्पा, गाण्यांच्या फर्माइशी, रस्ता कुठे तुंबलाय, सगळं बोलीतच. बोली पण एक नाही. बर्नचा निवेदक बर्नची बोलतो, बासेलची बाई बासेलची, आणि वालिसच्या डोंगरातला कुणी आला की झुरिकवाले सुद्धा कान टवकारतात कारण त्यांनाही अर्धंच कळतं. पण कुणी कुणाला नीट बोल म्हणत नाही. दूध म्हणजे पुस्तकात मिल्ख, बर्नवाला म्हणतो मिउख, ल कुठे गेला विचारायचं नाही. उद्या म्हणजे मॉर्गेन, इथे मोर्न. आज म्हणजे हॉयटे, इथे ह्यूत. नाही म्हणजे निश्ट, झुरिकात न्योद आणि बर्नमधे निद. साधा भूतकाळ ह्या बोलींमधे नाहीच, मी पुण्यात रात्र रात्र जागून पाठ केलेली भूतकाळाची सगळी कोष्टकं इथे कुण्णी वापरत नाही. म्हणजे बघा.

आजींनी मला बोली शिकवली आणि आजींच्या रेडिओने. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की त्या जिन्यातच गाठायच्या, कॉफी प्यायला चल. किचनमधे रेडिओ चालूच. एखादा शब्द आला की त्या बोटाने थांब म्हणायच्या, जसं काही रेडिओ थांबणारे, आणि मला तो परत म्हणायला लावायच्या. ऐकणे हा शब्दच घ्या, पुस्तकात होरेन, पण कान देऊन ऐकणं म्हणजे इथे लोसे. किचनमधल्या छोट्या कपाटाला म्हणतात खुखीखेश्तली, हा शब्द इथे प्रत्येक परक्या माणसाकडून म्हणवून घेतात आणि मग आख्खं टेबल हसतं. मी पहिल्या झटक्यात म्हटला. सगळे बघतच राहिले. अहो आमच्याकडे ख आहे, घसा खरवडायची आम्हाला सवय आहे, बिचाऱ्या इंग्रजांचे हाल होतात.

ह्या बोलीमागे इतिहास आहे आणि तो मला आजींकडूनच कळायला लागला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत आणखी एक रेडिओ आहे, मोठा लाकडी, आता शोभेचा, वर क्रोशाचा रुमाल आणि नातवंडांचे फोटो. त्याच्या काचेवर गावांची नावं छापलीयत. आमच्या घरी आजोबांच्या मर्फीच्या काचेवर असायची तशीच, फक्त आमच्याकडे सिलोन होतं आणि इथे बेरोम्युन्स्टर, सोतां, मोंते चेनेरी, मग व्हिएन्ना, रोम वगैरे. बेरोम्युन्स्टर हे लुझर्नजवळचं लहानसं गाव. १९३१ मधे एसआरजी स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिथे जर्मन भागाचा मोठा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर उभा राहिला, फ्रेंच भागाचा सोतांला, इटालियनचा १९३३ ला मोंते चेनेरी डोंगरावर. त्यामुळे लोक स्टेशनलाच गावाच्या नावाने हाक मारायचे, रेडिओ बेरोम्युन्स्टर. आपण बिनाका ऐकायला सिलोन लाव म्हणायचो तसंच.

त्या वेळी शेजारी हिटलर. त्याचं म्हणणं जर्मन बोलणारे सगळे एक. मग स्विस जर्मन लोकांनी काय केलं तर आपली बोली आणखी घट्ट धरली, कारण बर्लिनच्या रेडिओवरून जी भाषा ओरडत होती तीच भाषा आपण घरात बोलत नाही हे दाखवायला दुसरा सोपा मार्ग कोणता. तीसच्या दशकापासून बोलीला हा देशाभिमानाचा मान मिळाला तो आजपर्यंत. पण गंमत बघा, त्याच युद्धात बेरोम्युन्स्टरवरून जो आवाज जगभर गाजला तो चोख पुस्तकी जर्मनमधे होता. जाँ रुडॉल्फ फॉन सालिस म्हणून इतिहासाचे प्रोफेसर, १९४० पासून ते दर शुक्रवारी संध्याकाळी जगात काय चाललंय ते शांतपणे सांगायचे, आरडाओरड नाही, शिव्या नाहीत, आणि जर्मनीत आणि तिने व्यापलेल्या मुलखात लोक चोरून, आवाज बारीक करून ते ऐकायचे. आजी तेव्हा तान्ह्या होत्या, पण वडील ऐकायचे आणि त्या वेळी घरात चमचा वाजला तरी डोळे वटारायचे हे घरात सगळे सांगत आलेत. पुढे त्यांना स्वतःला आठवतं ते दुपारी साडेबारा. न्यूशातेलच्या वेधशाळेचे वेळेचे टोले पडायचे, मग बातम्या, आणि तोवर पोरांनी ताटातलं निमूट खायचं.

आमच्याकडे सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्यांना हेच होतं. कुडाळला घर, रेडिओ ओटीवर, आजोबा दाढी करताना ऐकायचे, आणि आजी आतून पुणेरी निवेदिकेचं शुद्ध शुद्ध ऐकून म्हणायची, ह्या बायेक इतक्या शुद्ध बोलूक कोणी शिकवल्यान गो? त्यात कौतुकही होतं आणि आपल्याला तसं येत नाही ह्याची थोडी भीती पण. मला ते आत्ता कळतं. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्या महिन्यात ‘माका’ ‘तुका’ तोंडातून हद्दपार केलं. होस्टेलच्या फोनवर आई ‘जेवलंस काय गो’ म्हणाली की मी तिला ‘हो जेवले’ असं पेठेतल्या बाईसारखं उत्तर द्यायचे, शेजारी मुली उभ्या असायच्या ना. रेडिओवर मालवणी मी ऐकली नाही असं नाही, पण माझ्या आठवणीत ती बहुतेक विनोदाला. म्हणजे कुणी मालवणीत बोलायला लागलं की ऐकणारा आधीच हसायच्या तयारीत. मालवणीत कुणी कर्जमाफीवर बोलतंय, कॅन्सरच्या डॉक्टरची मुलाखत घेतंय, असं माझ्या तरी कानावर नाही आलं.

आणि इथे मी किचनमधे बसून ऐकतेय की एक कॅन्सरचा डॉक्टर आणि एक निवेदिका, दोघं दोन वेगळ्या खोऱ्यांच्या बोलीत, अर्धा तास गंभीरपणे बोलतायत आणि त्यात हसण्यासारखं कुणालाच काही वाटत नाहीये. त्या दिवशी मला जरा कसंतरीच झालं खरं.

बोलीवरच एक वेगळा कार्यक्रम आहे, श्नाबेलवाइड नावाचा. लोक फोन करून विचारतात, आमच्या गावात अमुक म्हणतात ते कुठून आलं, माझ्या आडनावाचा अर्थ काय, आणि तज्ज्ञ मंडळी नीट शोधून सांगतात. आजी वहीत लिहून घेतात.

हां, सायरनचं राहिलं. इथे फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीडला देशभर सायरन वाजवून बघतात. मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल बोलीत. पहिलं वर्ष, घरून काम करत होते, आणि अचानक तो आवाज. भोंगा नव्हे, आख्खं शहर एकदम रडायला लागल्यासारखं. मी पासपोर्ट घेतला, लॅपटॉप घेतला, कुकर बंद केला (हे महत्त्वाचं) आणि जिन्यात पळाले. जिन्यात भिंतीवर कागद लावलेला, सायरन वाजला तर काय करायचं, तर पहिलं काम, रेडिओ ऐका. धावत आजींकडे. आजी रेडिओ लावून बसलेल्या, अकॉर्डियन चालू, समोर केक. माझ्या हातातला पासपोर्ट बघून त्यांनी काही न बोलता आणखी एक प्लेट काढली.

पण ते वाक्य डोक्यात राहिलं. संकट आलं तर रेडिओ ऐका. आणि आता त्याच रेडिओची लाइन तोडून टाकली. खर्च वाचतो हे मान्य, एकच कार्यक्रम एफएमवर आणि डीएबीवर दोन्हीकडे पाठवायचा म्हणजे दुप्पट पसारा, हेही मान्य. पण श्रोते घटले ते दिसलंच, जुन्या गाड्या, जुन्या बायका, कुणी नवा सेट घेतला नाही, कुणी शेजारच्या खाजगी स्टेशनवर सरकलं ते तिथेच राहिलं. माझं स्पष्ट मत, घाई केली.

तसं बघायला गेलं तर ह्या देशाला डोंगरांमुळे रेडिओचे नाना खटाटोप करायची सवय आहे. दरीत सिग्नल पोचत नाही म्हणून इथे १९३१ पासून टेलिफोनच्या तारेतून रेडिओ देत, फोनच्या लाइनला एक डबा जोडलेला, त्यावर सहा कार्यक्रमांची बटणं, आणि वादळ असो बर्फ असो खरखर म्हणून नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत चालू होतं ते. आजींच्या बहिणीकडे होतं आणि आजींना त्याचा अजून हेवा वाटतो.

आणि डोंगराचा उलटा फायदा पण एकाने घेतलेला आहे. रॉजर शाविन्स्की. सत्तरच्या दशकात इथे खाजगी रेडिओला परवानगीच नव्हती आणि सरकारमान्य रेडिओवर तरुणांची गाणी म्हणजे औषधाला. तर ह्या माणसाने १९७९ च्या नोव्हेंबरात इटलीच्या हद्दीत, पित्सो ग्रोपेरा नावाच्या जवळजवळ तीन हजार मीटरच्या शिखरावर ट्रान्समीटर ठेवला, तोंड उत्तरेला, आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या झुरिकला गाणी पाठवायला लागला. रेडिओ २४. स्विस सरकार चिडलं, इटालियन अधिकारी येऊन सील लावायचे, हा परत सुरू करायचा, इकडे झुरिकात पोरं रस्त्यावर, दोन लाखांवर सह्या. शेवटी १९८३ मधे सरकारने खाजगी स्थानिक स्टेशनांना परवाने दिले आणि एसआरजीनेही तरुणांचं तिसरं चॅनल काढलं. आजींचा धाकटा मुलगा तेव्हा गच्चीवर अँटेना फिरवत बसायचा. त्यांना ते गाणं-बिणं काही आवडलं नव्हतं, पण अँटेना त्याच्या बापानेच लावून दिली होती असं त्या हळूच सांगतात.

आता दुसरी बाजू. माझा एक सहकारी लोझानचा, फ्रेंच बोलणारा. त्यांचा रेडिओ सगळ्यात जुना, १९२२ मधे लोझानला सुरू झाला, युरोपातल्या अगदी पहिल्या काहींमधला. हा शाळेत कितीतरी वर्षं जर्मन शिकला, पुस्तकी. झुरिकला नोकरीला आला आणि त्याची जी माझी झाली तीच फजिती झाली, फक्त मी परदेशी होते आणि हा आपल्याच देशात. तो म्हणतो तुमच्या त्या बोलीच्या रेडिओचं तुम्हाला कौतुक, आम्हाला तो बंद दरवाजा वाटतो. मिटिंगमधे तो आला की सगळे दोन मिनिटं पुस्तकी बोलतात आणि तिसऱ्या मिनिटाला घसरतात, मग तो आणि मी एकमेकांकडे बघतो. आता मला कळतं, पण मैत्रीखातर बघते. भाषेच्या ह्या हद्दीला इथे र्‍योश्टीग्राबेन म्हणतात, र्‍योश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं जाडजूड थालीपीठ समजा, जर्मनवाल्यांचं आवडतं, त्याची चर. तर रेडिओच्या लहरी त्या चरीवरून इकडून तिकडे जातात, ऐकणारे मात्र जात नाहीत. त्याला माझ्या आजींच्या कार्यक्रमांचं नावही माहीत नाही आणि आजींना लोझानचा रेडिओ म्हणजे फ्रान्सचाच वाटतो.

पण पैसे जातात. हे मला सगळ्यात आवडलेलं. दर घरामागे वर्षाला ३३५ फ्रँक रेडिओ-टीव्हीची फी, म्हणजे तीस-पस्तीस हजार रुपये, घरात रेडिओ असो नसो. पहिलं बिल आलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही असं नवरा सांगतो, ते खोटं आहे, पण चिडले होते. मग ह्या पैशाचं काय होतं ते कळलं. शंभर फ्रँक जमले तर त्यातले सत्तरच्या वर जर्मन भागातून येतात, पण जर्मन भागाला खर्चायला मिळतात चाळीस-पंचेचाळीस. इटालियनवाले चार-पाच देतात आणि त्यांना वीसच्या वर मिळतात. फ्रेंचवाल्यांनाही दिल्यापेक्षा जास्त. हिशेब साधा आहे, बातम्यांना वार्ताहर पाठवायचा तर खर्च तेवढाच, ऐकणारे साठ लाख असोत की साडेतीन. २०१८ च्या मार्चमधे ही फीच रद्द करा म्हणून देशभर मतदान झालं. मला वाटलं गेली फी, फुकट कुणाला नको असतं. तर ७१ टक्क्यांहून जास्त लोकांनी नको म्हणून सांगितलं, फी राहू दे. जास्त भरणाऱ्या झुरिकने सुद्धा. आजींनी मत पोस्टाने पाठवलं होतं, पाकीट मीच टाकलं पेटीत.

आणि रोमान्श. ही मुख्य भाषा आहे असं सांगणारे चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे एखाद्या तालुक्याचं गाव. लॅटिनची डोंगरात राहून गेलेली नात. मुसोलिनीचे लोक म्हणत होते ही इटालियनचीच बोली, म्हणजे तो मुलूख आमचा, तर १९३८ मधे स्विस लोकांनी नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी तिला राष्ट्रीय भाषा करून टाकलं. पण त्या चाळीस हजारांत पण पाच लिखित बोली! १९८२ मधे झुरिकच्या एका भाषातज्ज्ञाने, हाइनरिख श्मिडने, सगळ्यांना धरून एक सामाईक लेखी भाषा बनवली, रुमान्च ग्रिशुन, ती ऑफिसात चालली, शाळेत घालायला गेले तेव्हा गावांनी भांडून परत पाठवली. रेडिओवर तोडगा आपोआप निघाला, बातम्या बऱ्याचदा त्या सामाईक भाषेत आणि निवेदक गप्पा मारणार आपापल्या बोलीत. झुरिकच्याच रेडिओची धाकटी आवृत्ती. कूर गावात त्यांचं स्टेशन, आरटीआर, आणि चाळीस हजारांसाठी रोजचा रेडिओ, टीव्हीवर संध्याकाळी बातम्या पण. बाजाराच्या हिशेबाने हे एक दिवस सुद्धा टिकणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही कूरहून लाल गाडीने डिसेंटिसला गेलो होतो, ऱ्हाइन नदी तिथे आपल्या एखाद्या वहाळाएवढीच आहे. एका छोट्या पेन्शनमधे, म्हणजे घरगुती लॉजमधे उतरलो. सकाळी नाश्त्याला खाली आलो तर मालकीणबाई ब्रेड कापतायत आणि रेडिओवर आरटीआर. मी तोवर रोमान्श कधी मन लावून ऐकली नव्हती. ती ऐकताना कसं होतं सांगू, आपण गोव्यात लांबून दोघांचं बोलणं ऐकतो, चाल ओळखीची वाटते आणि शब्द सुटतात, तसं. एकच शब्द सुटेना, कारण तो रेडिओवर पण आला आणि बाईंनी पण टोपली पुढे करताना तोच म्हटला. पाउन. मी म्हटलं, पाव? त्या म्हणाल्या, पाउन. मी म्हटलं, आमच्याकडे पाव. नवरा म्हणाला तुझं परत सुरू झालं. पण बघा ना, आमचा पाव पोर्तुगीजांच्या पांवमधून, आणि तो आणि ह्यांचा पाउन दोन्ही त्याच लॅटिन पानिसची पोरं. मालकीणबाईंना मी हे मोडक्या बोलीत सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला, बहुतेक हवामान ऐकायचं होतं त्यांना.

तर २ जानेवारीला सुट्टी, ३ तारखेला दुकान गाठून मी आजींना डीएबीचा सेट आणला. मोठी बटणं, मोठे आकडे, लाकडी दिसणारा पण प्लॅस्टिकचा. स्टेशनं त्याने आपापली शोधली आणि यादी लावून टाकली, कुठल्याही भागात असाल तरी चारही भाषांचे रेडिओ त्यात असतात, एफएमवर हे सुख नव्हतं हे मात्र कबूल करायला हवं. मी एसआरएफ १ लावून दिलं, बटण एक दाबा म्हणून दाखवलं, तीन वेळा दाबून घेतलं.

आठवड्याने शनिवारी गेले तर किचनमधे रोमान्श चालू. म्हटलं हे काय, चुकून लागलंय, बदलून देऊ? तर म्हणाल्या चुकूनच लागलं मंगळवारी, पण राहू दे, बाई बरी बोलते. कळतं का काही? नाही. मग सातला थोडी मिनिटं होती तेव्हा मात्र त्यांनी स्वतः बटण एक दाबलं, कारण शनिवारी त्या वेळी कुठल्यातरी गावच्या चर्चच्या घंटा लावतात, नुसत्या घंटा, कितीतरी वर्षं चाललेला कार्यक्रम आहे तो. त्या वाजत असताना आम्ही दोघींनी बटाटे सोलले. घंटा संपल्यावर त्यांनी हात पुसले, परत रोमान्श लावलं आणि मला म्हणाल्या, तो तुझा पाव आला की सांग.